उशिराची वही

“वासराच्या अंगावर?” मुख्याध्यापिका वाचुका मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला. “म्हणजे मंगळवारी तुमचं वासरूच मोटारसायकलवर बसून खिदळत होतं म्हणायचं!”

गाथोनी मान खाली घालून उभी होती. ती खरं तेच सांगत होती आणि खरं सांगूनच फसत चालली होती. जुना हिरवा स्वेटर आखूड झाला तेव्हा आजीने, तिच्या शोशोने, तो मागून घेतला होता. वासराला थंडी वाजते, त्याच्या अंगावर घालते, म्हणाली होती. केनियातल्या किनांगोपच्या डोंगरी थंडीत ते कुणालाही पटलं असतं.

पण चर्चच्या डीकन गिताऊंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. मंगळवारी सकाळी दहा वाजता, ऐन शाळेच्या वेळेत, या शाळेचा स्वेटर घातलेली एक मुलगी एका तरण्या मोटारसायकलवाल्याच्या कमरेला मिठी मारून चर्चसमोरच्या उतारावरून किंचाळत गेली. डोक्यावर हेल्मेट होतं, म्हणून तोंड दिसलं नाही. पण उताराखाली गाडी थांबली तेव्हा कोपरावर निळ्या लोकरीचं रफू दिसलं. गळ्यामागे पांढऱ्या दोऱ्याने घातलेला नंबरही दिसला. २१४.

नंबर गाथोनीचा, रफू तिनेच केलेलं, आणि मंगळवारी ती गैरहजर. पोट दुखत होतं म्हणून दिवसभर घरात पडून होती. पण पोटदुखीला साक्षीदार कुठून आणायचा?

टेबलावर शाळेतून काढून टाकल्याचं पत्र टाइप होऊन पडलं होतं. मॅडमनी पेनाचं टोपणही काढून ठेवलं होतं. शेवटची परीक्षा पाच आठवड्यांवर आली होती. चार वर्षांचा अभ्यास एका सहीने पाण्यात जाणार होता.

“आजीला निरोप गेलाय ना?”

“हो मॅडम. पण शोशो आत यायची नाही. पालकसभेलासुद्धा ती रस्त्यापलीकडेच उभी असते.”

“का? शाळा चावते तिला?”

गाथोनीला ते कधी कळलंच नव्हतं. विचारलं की आजी गायीचं काहीतरी काढून बोलणं तोडायची.

तेवढ्यात फाटकावरून पहारेकरी न्देग्वाचा आवाज आला. “ए पोरी! साडेनऊ वाजले! शाळा म्हणजे मामाचं घर वाटलं काय? फिर, पाठ कर इकडे. नंबर बघू दे. हं, नाव? उशीर का झाला?” उशिरा येणाऱ्या प्रत्येकाचा तो असाच उद्धार करायचा. सांगतील ते कारण वहीत जसंच्या तसं उतरवायचा, पंक्चर असो की गाय व्यालेली असो. आज मात्र उद्धार अर्धाच सोडून त्याने फाटक उघडल्याचा आवाज आला.

थोड्या वेळाने ऑफिसचं दार उघडलं. काखेत हेल्मेट घेतलेली, चणीने बारीक अशी सत्तरीची बाई आत आली. अंगात हिरवा स्वेटर, कोपरावर निळं रफू.

वाचुका मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग काढून पुसला आणि पुन्हा घातला.

“मंगळवारी मोटारसायकलवर...” आजीने त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही.

“मीच होते. पोरगी आजारी, मग डेअरीवर दूध कोण नेणार? शेजारच्या मुलाने बसवून नेलं.”

“आणि ते किंचाळणं?”

“त्या उतारावर पोटात गोळा येतो हो! तुम्ही बसून बघा एकदा.”

गाथोनीला हसू आलं आणि रडूही आलं. मॅडमनी पत्राचे दोन तुकडे केले, मग चार, आणि टोपलीत टाकले. छातीवरचा धोंडा म्हणतात तो असा उतरतो, हे गाथोनीला त्या दिवशी कळलं.

“शोशो, वासराचं खोटं कशाला सांगितलंस?”

आजी लाजली. “हसली असतीस तू. नाव तर माझंच होतं ना आतल्या पट्टीवर?” ते खरंच होतं. थोरल्या नातीला बापाच्या आईचं नाव द्यायची रीत, त्यामुळे आजीही गाथोनीच.

आजीची नजर भिंतीवरच्या जुन्या फोटोवर गेली. मिशनच्या काळातल्या मुली, पांढरे झगे, अनवाणी पाय. ती फोटोजवळ गेली. “ही मधली न्जेरी, आमची शेजारीण. झग्याचं कापड विकत घ्यावं लागायचं तेव्हा. आमच्या घरी आलं ते भावाच्या खाकी चड्डीपुरतंच. मी आपली तीन दिवस रोज सकाळी फाटकापर्यंत येऊन बघत राहिले.” एवढं बोलून तिने हेल्मेट डोक्यावर चढवलं. “जाते. गायीला पाणी पाजायचंय.”

ती गेली तरी न्देग्वा दारात घुटमळत होता. हातात उशिराची वही होती.

“मॅडम, चूक झाली. पाठमोरी होती, वर हेल्मेट. पोरगीच समजलो आणि सगळं लिहून बसलो. खोडू का?”

मॅडमनी वही घेतली. एकदा वाचलं, पुन्हा वाचलं. मग पत्रासाठी उघडून ठेवलेलं पेन उचललं आणि त्या ओळीपुढे सही केली. गाथोनीने वाकून पाहिलं.

नंबर २१४. नाव गाथोनी. उशिराचं कारण: गणवेश मिळायला साठ वर्षं लागली.