वेगळा कागद

शाळेतून निवृत्त झाल्यावरही आई शिकवणीच्या प्रत्येक मुलासाठी हाताने वेगळा कागद तयार करायची. कुणाला टपोरी अक्षरं, कुणाला चित्रं, कुणाला तीनच गणितं. त्या संध्याकाळीही तेच चाललं होतं.

"मी तुझ्या वर्गात होते, तेव्हा मला नाही कधी केलास असा कागद," लेकीने जुनाच टोमणा मारला.

"तुला कशाला? तुझं तुला यायचं की," आई मान वर न करता म्हणाली.

सकाळी आई उठलीच नाही.

भेटायला आलेल्या विद्यार्थ्यांनी वर्षानुवर्षं जपलेले आपापले कागद सोबत आणले होते. लेकीने एकेक कागद हातात घेऊन पाहिला.

सगळे गेल्यावर ती आईच्या खुर्चीसमोर बसली.


"मलाही येत नव्हतं गं, आई. मी बाकावरच्या मैत्रिणीचं बघून लिहायचे."