विहिरीवरची म्हातारी

तिसऱ्या भागात विहिरीवरची म्हातारी पहिल्यांदा तोंड उघडून बोलली आणि बबलूने शेंगदाण्यांचं ताट फरशीवर आपटलं.

"पहले दाम, फिर पानी," असं म्हातारी हिंदी डबिंगमध्ये म्हणाली होती.

"हे काय दाखवून राह्यले?" बबलू ओरडला. "म्हातारी पैसे मागते? आपली म्हातारी?"

त्याच्या लहानपणच्या व्हिडिओ गेमवर जपानी लोकांनी ॲनिमे काढलं होतं. कार्टून म्हटलेलं बबलूला खपत नसे. वय वर्षं सत्तावीस, भोकरदनला बियाण्यांच्या कंपनीत नोकरी, लग्न झालेलं. आणि हे बघायला त्याने राजूरहून शिक्षिका असलेल्या मोठ्या बहिणीला, साधनाला, खास बोलावून घेतलं होतं. रविवारची दुपार होती, म्हणून तिला शाळेचं कारण सांगता आलं नाही.

पहिल्या भागापासून त्याचं तोंड सुरूच होतं. गेममध्ये गपगुमान चालणारा नायक इथे दर दोन मिनिटांनी भाषण ठोकत होता. गेममध्ये नसलेली एक पोरगी कुठून तरी आणून घुसडली होती आणि ती प्रत्येक प्रसंगात रडत होती.

"ही काय रडायच्या पगारावर ठेवली का? अन् हा तलवार धरतो का उलथनं?"

त्याची बायको अक्षता पोट धरून हसत होती. जपानमध्ये कोणी तरी वर्षभर खपून हे चितारलं असणार, पण बबलूच्या लेखी ते सगळे रिकामटेकडे होते. साधना मात्र हसत नव्हती. तिने एकही शेंगदाणा तोंडात टाकला नव्हता.

कारण तो गेम या दोघांनी जालन्याहून आणलेल्या नकली सीडीवर खेळला होता आणि त्यातलं अक्षर न् अक्षर जपानी होतं. बबलू पहिलीत, साधना आठवीत. आई त्याच वर्षी गेलेली. पडद्यावर अक्षरं उमटली की साधना ती धाकट्या भावाला 'वाचून' दाखवायची. आठवीपासून शाळेत जपानी शिकवतात, असं तिने खुशाल ठोकून दिलं होतं. पुढे बबलू स्वतः आठवीत गेला, तेव्हा जपानीच्या सरांची बदली झाली, जागा रिकामी आहे, असं सांगून तिने वेळ मारून नेली. जिल्हा परिषदेच्या शाळेत हे कोणालाही पटलं असतं. बबलूने पुन्हा कधी चौकशी केली नाही.

टीव्हीवर सैनिक विहिरीपाशी आले. म्हातारीने नायकाच्या वाटेकडे बोट दाखवलं आणि पैशांची थैली कनवटीला लावली.

"सत्यानाश!" बबलू उठून उभा राहिला. "अगं, ती सैनिकांना उलट्या वाटेला लावते! पोराला वाचवते ती. यांनी तर तिला पार चोर करून टाकली. यांनी गेम खेळलाच न्हाई. ताई, सांग ना हिला."

"जाऊ दे ना बबलू. बंद कर ते."

अक्षता मोबाइलवर काही तरी शोधत होती. "अहो, पण इथं लिहिलंय की गेममध्ये पण तसंच आहे. तिचं पाणी विकायचं दुकान असतं. पैसे घेऊन ती त्याला धरून देते."

"कोणी लिहिलंय?"

"ज्यानं गेम बनवला, त्यानंच सांगितलंय."

"त्याला काय कळतंय?" बबलू म्हणाला.

म्हणाला खरा, पण खाली बसला.

"ताई, ते सैनिक दर वेळी सरळ आपल्यावरच यायचे ना? तू म्हणायचीस, सैनिक हट्टी आहेत, म्हातारीचं ऐकतच न्हाईत."

वीस वर्षांची थाप होती. आता हा आपल्याला खोटारडी म्हणणार आणि ते शंभर टक्के बरोबरच असणार, हे तिला कळत होतं. त्या वर्षातलं त्याच्यापाशी जे काही उरलं होतं, ते एका मोबाइलने खोटं ठरवलं होतं.

"तुला जपानी येत न्हाई?"

"न्हाई."

"बिलकुल?"

"एक अक्षर न्हाई."

"मंग म्हातारी म्हणायची, 'आलास का रे बाळा, हातपाय धू, दोन घास खा अन् मंग जा', ते कुठं लिहिलेलं होतं?"

"कुठंच न्हाई."

अक्षताने मोबाइल पालथा ठेवला. भाग संपला होता आणि पडद्यावर नावं सरकायला लागली होती. एकामागून एक, ओळीच्या ओळी. बबलू ती बघत होता. मग त्याच्या चेहऱ्यावर पहिल्या भागापासूनची ती तुच्छता पुन्हा चढली, उलट जरा जास्तच.

"बघ, किती जण आहेत," तो म्हणाला. "एवढी खोगीरभरती करून एकाला तरी सुचलं का असं काही? तू आठवीत होतीस."

"मला तरी कुठं सुचलं," साधना म्हणाली. "गल्लीतून खेळून आलास की आई म्हणायची तुला."

नावं अजून सरकतच होती. बबलूने रिमोट उचलला आणि त्या सगळ्यांना बंद करून टाकलं.