बाईंना आधीच कळायचं

"आज उगाचच रडू येईल. येऊ द्या, अडवू नका," चादर झटकता झटकता बाई म्हणाल्या.

तिला आलंच. टॉवेलची घडी घालताना, काही कारण नसताना.

बाळंतिणींकडे मदतीला बाया पाठवणाऱ्या संस्थेतून त्या यायच्या, सकाळी नऊ ते एक. बाळ पाच दिवसांचं होतं तेव्हापासून. तिचा नवरा नोकरीसाठी दूर, आई केव्हाच गेलेली. दुपारी एकनंतर घरात ती, बाळ आणि फ्रीजची घरघर.

बाई म्हणजे हवामान खातंच, फक्त खरं ठरणारं. "उद्या टाक्यांना खाज सुटेल." सुटली. "परवा बसताना कमी दुखेल." कमी दुखलं.

"किती बाळंतिणी पाहिल्यात हो तुम्ही?"

"मोजतंय कोण? सूप प्या, गार होतंय."

एकच गोष्ट तिला खटकायची. बाई बाळाला घ्यायच्या नाहीत. ते रडलं की छातीशी हातांची घडी आवळून सरळ बाथरूममध्ये. वर नळ सोडून. संस्थेचा तो जाड एप्रनही कधी काढायच्या नाहीत. बसायच्या त्याही खुर्चीला हात टेकून, एका अंगावर. बसल्या की तांब्याभर पाणी घटाघटा.

वय झालं असेल, तिला वाटायचं. पस्तिशीचं कसलं वय, हे मनात यायचं नाही.

बाळाच्या अकराव्या दिवशी तिने धीर केला. "आज संध्याकाळपर्यंत थांबता? घर खायला उठतं हो."

"एकला निघावंच लागतं, ताई."

"असं कोण वाट बघतंय?"

बाई वाडग्यात सूप ओतत राहिल्या.

तिचा तोल गेला. "तुम्हाला लेकरांचा लळाच नाही. स्वतःचं असतं म्हणजे कळलं असतं!"

वाडगा हिंदकळला. गरम सूप एप्रनवर सांडलं. बाईंनी घाईघाईने एप्रन ओढून काढला. तेवढ्यात पाळण्यातलं बाळ रडायला लागलं.

बाईंच्या एका हातात वाडगा, दुसऱ्यात एप्रन. छातीशी घडी घालायला हातच उरले नव्हते.

कोरड्या ब्लाउजवर समोर दोन ओले गोल उमटले. पसरत गेले.

बाळ रडत होतं. दोघींपैकी कुणीच हललं नाही.

"कितवा दिवस?" शेवटी तिने विचारलं.

"तुमच्यापेक्षा तीन दिवस पुढे आहे मी," बाई म्हणाल्या.