न चालणारं कार्ड

काचेचं दार ढकलून घड्याळवाले काका बँकेत शिरले, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचा मुलगा. कार्डांच्या टेबलामागे बसलेल्या गोडबोलीने मान खाली घालून समोरचे अर्ज चाळायला घेतले.

गोडबोली हे तिचं खरं नाव नव्हे. बोलता बोलता ती कुणाच्याही गळ्यात काहीही बांधायची, म्हणून बँकेतल्या मंडळींनी ते ठेवलं होतं. काकांच्या गळ्यातही तिने असंच एक कार्ड बांधलं होतं.

काका तेव्हा परदेशी निघाले होते आणि तिथे वापरायला कार्ड मागायला आले होते. नेहमीचं, जगभर चालणारं कार्ड तिच्या खणातच होतं. पण साहेबांना एका नव्या कंपनीची कार्डं खपवायची होती, आणि त्या कंपनीचं नाव तिकडच्या निम्म्या दुकानदारांनी ऐकलेलंही नव्हतं. गोडबोलीला हे पक्कं ठाऊक होतं. तरी ती गोड हसून म्हणाली, "काका, हे घ्या. सगळीकडे चालतं."

काकांनी कार्ड डोळ्यांजवळ नेलं आणि घड्याळाचं चाक तपासावं तसं उलटसुलट करून पाहिलं. "हे फारसं कुणाला माहीत नाही वाटतं?"

"नवीन आहे ना. पण चालतं."

"आणि एखाद्या ठिकाणी नाहीच घेतलं तर?"

"तर तिथल्या आपल्या माणसाला फोन लावायचा! कोण आहे तिथे तुमचं?"

"कुणी नाही. हॉटेलात उतरणार आहे." काकांनी कार्ड पुन्हा एकदा उलटून पाहिलं. मग म्हणाले, "द्या, हेच द्या."

तेव्हा तिला आत कुठेतरी टोचलं होतं. "जोडीला नेहमीचंही एक असू द्या," असं ती म्हणालीही.

"नको, एकच पुरे."

इतक्या सहज पटलेलं गिऱ्हाईक तिने पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिला स्वतःच्याच जिभेचं कौतुक वाटलं होतं.

मग परदेशातून काकांच्या मुलाचा फोन आला. तो इतका कडाडला की साहेबांच्या केबिनबाहेरही ऐकू गेलं. त्या दिवसापासून गोडबोलीचं जेवणात लक्ष नव्हतं. ताटावरून उठली की आई विचारायची, "कुणी काही बोललं का गं?" तिला सांगता यायचं नाही. कुणी काही बोललं नव्हतं, तीच बोलली होती.

आता तो मुलगा समोर उभा होता. "कार्ड तुम्हीच दिलंत ना?"

"हो."

"तुम्हाला कल्पना आहे का काय झालं त्याची? बाबांनी आयुष्यात कुणापुढे मान झुकवलेली नाही. मी दुकान सोडून परदेशी गेलो म्हणून त्यांनी माझं नाव टाकलं. इतकी वर्षं माझा फोन उचलला नाही. आणि तुमच्या कार्डापायी त्यांना हॉटेलातून मला फोन करावा लागला! धावत गेलो, तर एका कोपऱ्यात उभे. खिशात तिथली एक नोट नाही. एका हातात बॅग, काखेत हे एवढं कापडी अस्वल. 'हे चालत नाही रे,' एवढंच म्हणाले. मला भर हॉटेलात रडू कोसळलं."

काका शेजारच्या खुर्चीत बसून भिंतीवरचं घड्याळ पाहत होते. ते दोन-तीन मिनिटं मागे होतं.

साहेब केबिनच्या दारात येऊन उभे राहिले. मशीनमध्ये बिघाड होता असं सांगायचं, हे त्यांनी तिला सकाळीच पढवून ठेवलं होतं. गोडबोलीने तोंड उघडलं, पण गोड काही सुचेना. त्या कोपऱ्यात उभे राहिलेले काका आणि ते अस्वल तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

"मशीनचा काही दोष नाही," ती म्हणाली. "ते कार्ड फार कमी ठिकाणी घेतात, हे मला माहीत होतं. मी तुमच्या वडिलांशी खोटं बोलले."

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. नोकरी गेली तर गेली, असं म्हणून तिने डोळे मिटून घेतले.

मुलगा भांडायच्या तयारीने आला होता, त्याचं अवसानच गळालं. "कबूल तरी केलंत," तो पुटपुटला. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. "हो गं राणी, आजोबा इथेच आहेत. अस्वलाला जेवायला घातलंस का?" म्हणत तो बाहेर गेला.

काका उठले. "साहेब, आमची काही तक्रार नाही. आणि पोरीच्या नोकरीला धक्का लागला, तर मी माझं खातं इथून हलवीन." साहेबांनी घाम पुसला आणि ते केबिनमध्ये परतले.

गोडबोलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. "काका, माझ्यामुळे तुम्हाला मुलापुढे हात पसरावा लागला. मी स्वतःला कधीच माफ करणार नाही." तिने खणातून कात्री काढली. "आणा ते कार्ड. कापून टाकते आणि नेहमीचं देते."

काकांनी सदऱ्याच्या खिशावर हात दाबून धरला. "कापू नका हो. मला पुन्हा जायचंय तिकडे."

"अहो, पण चालत नाही ना ते!"

काकांनी दाराकडे पाहिलं. बाहेर मुलगा फोनवर खळखळून हसत होता. काका टेबलावर वाकले आणि त्यांनी आवाज अगदी खाली आणला.

"मग तिथल्या विमानतळावर ते अस्वल मी कशावर घेतलं?"