कंसाबाहेर

मीटिंगमध्ये त्याचा फोन थरथरला. ‘घरात अनोळखी व्यक्ती.’ त्याने फोन पालथा टाकला. जरा वेळाने तो पुन्हा थरथरला. शेजारी बसलेला सहकारी म्हणाला, घरचा फोन असेल, बघ की. तो म्हणाला, जाहिरात आहे.

घरी बायको होती. एकटी. निदान तिचं म्हणणं तसं होतं.

दोघंही प्रोग्रामर. एकेकाळी एकाच टीममध्ये पाठीला पाठ लावून बसायचे. मग ती दुसऱ्या कंपनीत गेली, घरून काम करू लागली आणि बघता बघता टीमची प्रमुख झाली. हा होता तिथेच राहिला. चारचौघांत तो तिचं कौतुक करायचा आणि घरी आलं की त्याच्या पोटात दुखायचं. त्यात तिच्या टीममध्ये एक दाढीवाला होता. त्याचा कॉल आला की ती हसायची. मोकळी, मान मागे टाकून. आपल्या बोलण्यावर ती अशी शेवटची कधी हसली, ते ह्याला आठवत नव्हतं. आपण तिच्याशी शेवटचं धड कधी बोललो, हेही आठवत नव्हतं, पण तो प्रश्न त्याने स्वतःला विचारलाच नाही.

म्हणून पॅसेजमध्ये कॅमेरा आला. तू दिवसभर एकटी असतेस, मला काळजी वाटते, असं तो म्हणाला होता. चोऱ्यांचे दोन-तीन किस्सेही त्याने तिखटमीठ लावून ऐकवले. फोटो साठवायचे नाहीत, एवढीच तिची अट. कॅमेऱ्याने चेहरा बघायचा आणि ओळखीचा नसेल तर ह्याच्या फोनवर निरोप धाडायचा, बस्स. तिने कॅमेऱ्यासमोर बसून मान डावीकडे-उजवीकडे वळवत आपला चेहरा त्याला शिकवला. मग ह्याने आपला शिकवला. नियम ह्यानेच लिहिला. एकच ओळ. दिसलेला माणूस आपल्या दोघांपैकी नसेल, तर कळव.

मी एकदा नजर टाकू का, असं तिने विचारलं. तो उखडला. त्याचं काम तपासायला तो काय शिकाऊ होता? कंसांवरून त्यांचं भांडण जुनं. ती कोडमध्ये जिथे तिथे कंस घालायची. मशीनला मनातलं कळत नाही, म्हणायची. तो म्हणायचा, कंस म्हणजे भित्र्यांचं कुंपण. ज्याला भाषा येते त्याला लागत नाहीत. त्याने बिनकंसाची ओळ ठोकली आणि स्वतः कॅमेऱ्यासमोरून येरझाऱ्या घातल्या. फोन गप्प. झालं, पास. तिला चालून बघ म्हणायचं त्याला सुचलंही नाही. बाहेर पडताना कॅमेरा चालू, घरी आला की बंद.

पहिल्याच दिवशी तो ऑफिसच्या दारात पोचायच्या आत निरोप आला. मग दुपारी. मग सारखेच. आज कोणी आलं होतं का, असं तो घरी आल्यावर उगाच विचारल्यासारखं विचारायचा. ती म्हणायची, कोण येणार? इतकं सहज, की त्याला ते पाठ केलेलं वाटायचं. तो टॉवेल हुंगू लागला. सिंकमधल्या कपांकडे बघू लागला. सोफ्याच्या उशीला पडलेला खळगा कोणाच्या पाठीचा, यावर आख्खं जेवण घालवू लागला. तिने विचारलं, बरं नाही का तुला? तो म्हणाला, ऑफिसचा ताण. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते ह्याच्या मनात भरदुपारी पडलेलं होतं.

आज फोन थांबेचना. तो मीटिंगमधून उठला आणि तडक घरी आला. आवाज न करता किल्ली फिरवली. स्वतःच्याच घरात चोरासारखा शिरला. बाथरूम बघितलं. गॅलरी बघितली. कपाट उघडून लटकलेल्या कपड्यांत हात घातला. ती हेडफोन गळ्यात घेऊन बाहेर आली. मागे लॅपटॉपच्या पडद्यावर दाढीवाला आणि तिची सगळी टीम आ वासून बघत होती. तिने आत जाऊन लॅपटॉप मिटला.

“कुठे आहे तो?”

“कोण?”

कॅमेरा बंद करायचं त्याला भान नव्हतं. ती पॅसेजमधून त्याच्याकडे आली आणि त्याच्या हातातला फोन थरथरला. त्याने तो तिच्या नाकासमोर धरला. बघ, म्हणाला, आत्ताही आहे तो इथेच.

तिने निरोप वाचला. मग मान वर करून कॅमेऱ्याकडे पाहिलं. ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. फोन थरथरला. परत गेली, परत आली. पुन्हा थरथरला.

“नियम दाखव.”

त्याने दाखवला. ओळीत आधी ‘नाही’, मग त्याचं नाव, मग ‘किंवा’, मग तिचं नाव. तिला एक श्वासभर वेळ लागला. नव्या पोरांना समजावतात तशा आवाजात ती बोलली. मशीन आधी ‘नाही’ सोडवतं, मग ‘किंवा’. तुझा ‘नाही’ एकट्या तुझ्या नावाला चिकटला, माझं नाव बाहेर राहिलं. मशीनने वाचलं ते असं: माणूस तू नसशील तर कळव, किंवा मी असेन तर कळव. तिने दोन्ही नावांभोवती कंस घातला आणि पुन्हा कॅमेऱ्यासमोरून चालली. फोन गप्प राहिला.

तो सोफ्यावर कोसळला आणि हसत सुटला. म्हणजे तूच होतीस, दिवसभर तूच. एवढ्याशा कंसाने माझं रक्त आटवलं, म्हणाला. दाढीवाल्याला एकदा जेवायला बोलवू, असंही म्हणाला. चहा टाकू का म्हणून विचारलं. ती उभीच होती.

“कॅमेरा माझ्या काळजीपोटी लावला होतास ना?”

“मग काय तर.”

“इतके दिवस तुला निरोप येत होता, की बायको घरात एकटी आहे आणि कोणीतरी अनोळखी आत शिरलंय,” ती म्हणाली. “आणि तू एकदाही फोन करून विचारलं नाहीस, मी जिवंत आहे का.”