कुड्या

घरच्या हळदीकुंकवासाठी ऋजुताने मोत्याच्या कुड्या घातल्या आणि त्यासाठी कानातलं फिजिओथेरपीचं बटण काढून ठेवलं. तिथेच घात झाला. बाळंतपणानंतर हसलं, शिंकलं की तिला थेंबभर लघवी व्हायची. आतल्या कपड्यात विणलेला सेन्सरचा धागा लघवी धरणाऱ्या सैल पडलेल्या स्नायूंवर लक्ष ठेवायचा आणि त्या बटणातून तिच्या कानात व्यायाम सांगायचा. आज कान सापडला नाही, म्हणून त्याने दिवाणखान्यातला स्पीकर धरला.

कुणाच्या तरी उखाण्यावर ती खळखळून हसली, आणि भिंत बोलली, "ऋजुताताई, थोडी लघवी झाली. हरकत नाही. लघवी रोखल्यासारखं आतून आवळा. धरून ठेवा."

बायकांची बडबड थांबली. धरणी पोटात घेईल तर बरं, असं ऋजुताला झालं. स्पीकर बंद करायला उठावं, तर साडी ओली दिसायची भीती. ती तशीच मान खाली घालून बसली.

"आता सोडा," भिंत म्हणाली.

खोलीभर निःश्वास ऐकू आले. गुडघ्यांचं निमित्त करून कित्येक वर्षं कुठेच न गेलेल्या सासूबाई पदराशी चाळा करत पुटपुटल्या, "बंद नको करूस गं. परत एकदा सांगू दे."