दुसरा हात

निळा रबरी पट्टा.

एका माणसाच्या दंडावर गोंदलेला मासा. दंड सुटला तसा मासाही सुटलेला.

पिशवीत दोन केळी.

"मला टेबलावर बसवा. मी लेबलं लावत जाईन."

जांभळ्या झाकणाची रिकामी नळी.

खिडकीजवळची खुर्ची.

हे सगळं एका सकाळचं, एका खोलीतलं. बाहेर बाकांवर माणसं उपाशीपोटी बसलेली. आत तीन खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीपाशी रक्त काढणारी एकेकजण: दाराशी मोठ्या बाई, मध्ये ताई, खिडकीजवळ धाकटी. खोलीचा नियम असा की दोनदा टोचून शीर सापडली नाही, तर तिसऱ्यांदा आपण टोचायचं नाही. शेजारच्या खुर्चीला हाक मारायची.

धाकटीला आताशा सुईपेक्षा त्या हाकेची धास्ती. हाक मारली की बाहेरचा अख्खा बाक आपल्याकडे बघतो, असं तिला वाटायचं. म्हणून आज आल्या आल्या तिने मोठ्या बाईंना लेबलं लावायच्या टेबलाचं विचारून घेतलं. मोठ्या बाई हातमोजे चढवत म्हणाल्या, "दुपारी बघू. आत्ता गर्दी आहे."

माशाचा दंड बसचालकाचा होता. तो खुर्चीत मावत नव्हता. शेजारी बायको, खांद्याला पिशवी.

"रात्रभर झोपले नाहीत," ती म्हणाली. "सुईला घाबरतात."

"घाबरत नाही. आवडत नाही."

धाकटीने पट्टा आवळला. मूठ मिटायला सांगितली. बोटाने शीर चाचपली. आहे. नाही. असावी. मग डोक्यात नेहमीचं सुरू झालं: तुला जमणार नाही, काल तरी कुठे जमलं, आत्ता हाक मारावी लागेल, सगळे बघतील. ती स्वतःशी भांडत राहिली आणि पट्टा तसाच. चालकाचा हात निळसर व्हायला लागला.

"पट्टा सोड आधी," ताई मान न वळवता म्हणाली. "विचार मग कर."

तिने पट्टा सोडला. हाताला रंग येईपर्यंत थांबली. पुन्हा बांधायला घेतला आणि सवयीने म्हणाली, "सॉरी हं. माझं जरा चुकतं."

चालकाने हात काढून घेतला.

"मॅडम, मी बस सुरू करताना पॅसेंजरला सांगत नाही, आज आपटणार म्हणून."

"आणि आपटली तर?" धाकटीने विचारलं. उलट उत्तर द्यायचं म्हणून नव्हे, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"आपटली तर काय करायचं, ते माहीत असतं. हँडब्रेक ओढायचा, दार उघडायचं, लोक उतरवायचे, डेपोला फोन. तेवढं माहीत असलं की हात कापत नाहीत."

"घरी मात्र सांगायचं नाही," बायको म्हणाली. "गाडी घासली की महिन्याने कळतं, तेही शेजारणीकडून."

धाकटी पट्ट्याच्या टोकाशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "चुकलं तर दुसरा हात आहे. तो चुकला तर ताई आहे."

हा नियम ती रोज ऐकत होती. स्वतःच्या तोंडून आज पहिल्यांदा निघाला, आणि निघाला तो पत्ता सांगितल्यासारखा.

चालकाने हात पुढे केला. डोळे घट्ट मिटले. तिने पट्टा बांधला, टोचलं.

चुकलं.

"झालं?"

"नाही. चुकलं. आता दुसरा हात."

"बघा," बायको म्हणाली, "कशा सरळ सांगतात."

दुसऱ्या हातावर मासा नव्हता. शीर होती, पण बोटाखालून सरकत होती. धाकटीने पट्टा बांधला, चाचपलं, टोचलं. सुई आत गेली. नळी रिकामीच राहिली. तिने पट्टा सोडला, सुई काढली, कापूस दाबला.

"ताई, माझ्या खुर्चीवर ये."

आवाज नेहमीचा होता. बाहेर बाकावर कुणीतरी जांभई दिली. बाकी काही झालं नाही.

ताई आली. चालकाच्या पंजाची मागची बाजू उजेडात धरली आणि तिथली बारीक शीर पकडली. नळी भरत गेली. धाकटी वाकून बघत होती; ताईचं कोपर तिला दोनदा लागलं तरी ती हलली नाही.

"मुळापाशी अंगठ्याने ताणलीस," ती म्हणाली.

"हो. पळणारी शीर होती."

चालकाने एक डोळा उघडला, मग दुसरा. तीन ठिकाणी कापूस. बायकोने केळं सोलून त्याच्या तोंडापाशी धरलं, कारण त्याचे दोन्ही हात अडकले होते.

"पुढच्या वेळी सरळ पंजाच्या मागेच बघा," तो भरल्या तोंडाने धाकटीला म्हणाला.

"आधी कोपराच्या खळीत बघणार. मग पंजा."

"म्हणजे पुन्हा दोन."

"कदाचित एकच."

तो उठला. खुर्ची करकरली. धाकटीने हातमोजे बदलले, नवी सुई घेतली आणि दाराकडे बघून म्हणाली, "पुढचे या."

एक आजी काठी टेकत निघाल्या. त्या पोहोचेपर्यंत मोठ्या बाईंनी विचारलं, "टेबलाचं काय करायचं गं?"

"दुपारी बघू," धाकटी म्हणाली. "आत्ता गर्दी आहे."

मोठ्या बाई फार वर्षांपूर्वी इथे नोकरीला लागल्या, तेव्हा या खोलीत एकच खुर्ची होती. चुकलं तर हाक मारायला शेजारी कोणी नव्हतं.